हातोडी न मारता

उचगावात तुम्ही दादासो मगदूमांचं घर विचारलंत तर लोक जरा विचारात पडतील. ‘टणटण दादासो’ म्हणालात तर मात्र नाक्यावरचं शेंबडं पोरही तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. हे नाव त्यांना फौंड्रीनं दिलं. कुरुंदवाडच्या जैन शेतकऱ्याचा हा मुलगा. वाटण्यांत शेत फारसं उरलं नाही म्हणून शिरोलीच्या एमआयडीसीत आला, लोखंड ओतणाऱ्या एका फौंड्रीत तपासनीस म्हणून चिकटला आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. काम एकच. हातात लहानशी हातोडी घ्यायची, ओतून निघालेल्या प्रत्येक नगावर मारायची आणि ऐकायचं. नग चांगला असेल तर टण्ण वाजतो. भेग असेल, पोटात पोकळी असेल तर बद् वाजतो. बद् वाजला की दादासो खडूनं त्यावर फुली मारत, आणि मग मालक खाली उतरला तरी ती फुली पुसली जात नसे.

कानाचा माणसाला गर्व होतो, यावर सहसा विश्वास बसत नाही. दादासोंना होता. घरात नवं पातेलं आलं तरी ते आधी टिचकी मारून बघत. बायको पद्मावती म्हणायची, ‘‘लग्नाआधी मला कशी टिचकी मारली न्हाईसा, नवलच.’’

या गर्वाच्या मुळाशी एक प्रसंग होता, आणि तो उभ्या उचगावाला पाठ होता. आकाराम नावाचा एक मोल्डर, म्हणजे साचा भरणारा कामगार. ट्रॅक्टरच्या भागांची मोठी ऑर्डर होती, माल गाडीत चढायच्या बेतात होता. दादासोंनी सहज एका नगावर हातोडी मारली, तो बद् वाजला. वरून बघावं तर रंग मारलेला, चकचकीत. दादासोंनी खिळ्यानं खरवडलं, तर रंगाखालून लांबी निघाली. रंगारी दाराखिडक्यांच्या भेगा बुजवायला वापरतात ती लांबी. लोखंडातलं भोक तिनं बुजवून वर रंग फासला होता. दादासोंनी सगळी पाळी थांबवली, सगळ्यांना गोल उभं केलं आणि आकारामला मधे बोलावून विचारलं, ‘‘हे काय?’’ आकाराम पुटपुटला, ‘‘रंग मारल्यावर कळतंय कुणाला?’’ त्यावर दादासो त्याला जे बोलले ते शेजारच्या शेडपर्यंत ऐकू गेलं. आकाराम पुढं त्या फौंड्रीत टिकला नाही. उचगावच्या नाक्यावर त्यानं चहाचा गाडा टाकला. दादासो त्या गाड्यावरून रोज गेले, चहाला कधी थांबले नाहीत; आणि ‘रंग मारल्यावर कळतंय कुणाला’ हे वाक्य मात्र गावात चेष्टेनं म्हणायची रीतच पडली.

अशा माणसाला एकच मुलगी, रुचिता. हुशार निघाली, भौतिकशास्त्र शिकली, पुण्याला पीएचडीला गेली. इथंपर्यंत ठीक होतं. पुढं लोक विचारू लागले, ‘‘पोरगी काय करती?’’ आणि दादासोंची बोबडी वळू लागली. डॉक्टर म्हणावं तर डॉक्टर नाही. इंजिनियर नाही. पगार आहे म्हणावं तर शिष्यवृत्ती. मंदिरात, लग्नात, वाण्याच्या दुकानात हा प्रश्न आला की ते ‘‘हाय की, चाललंय रिसर्च’’ म्हणत आणि चपला शोधू लागत. खरं सांगायचं तर त्यांना लेकीच्या कामाची थोडी लाजच वाटायची. ज्याला नाव देता येत नाही, त्याचा अभिमान तरी कसा बाळगायचा?

शेवटी एका सुट्टीत रुचितानंच त्यांना समजावलं, आणि तेही फौंड्रीच्या भाषेत. ‘‘अण्णा, साच्याच्या पोटात वाळूचा गाभा बसवता की नाही? वर लोखंडाचा रस ओतला की गाभा तापतो आणि वायू सोडतो. त्या वायूला वाट ठेवावी लागते. तसंच समजा. आपली आकाशगंगा आहे तशा कोट्यवधी आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर असतं. ते नुसतं बसून असेल तर काही होत नाही. पण त्याच्यात माल पडायला लागला की तो पडता पडता इतका तापतो, इतका उजळतो, की आजूबाजूचा वायू बाहेर ढकलला जातो. सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं. मी आपल्या जवळच्या दीर्घिकांमधला तो बाहेर पडणारा वायू मोजते.’’

‘‘जवळच्या म्हंजे?’’

‘‘तिथून निघालेला उजेड इथं पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात. तेवढ्या जवळच्या.’’

दादासो हसले, पण त्यांना एकदम पटलं. ‘‘आन् वायू गेला तर गेला. त्यात मोजायचं काय?’’

‘‘त्याच वायूचे तारे बनतात, अण्णा. तो सगळा बाहेर गेला तर नवे तारे बनणार कशाचे?’’

‘‘म्हंजे ओतायचा मालच भट्टीबाहेर!’’ दादासो ओरडलेच. त्या दिवसापासून त्यांची भीड चेपली. आता कुणी विचारलं की ते चपला शोधत नसत, उलट समोरच्याला बसवून घेत.

आणि मग तिचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आला. एका दीर्घिकेतून वायू इतक्या प्रचंड प्रमाणात बाहेर पडतोय की ती बघता बघता, म्हणजे आकाशाच्या हिशोबानं बघता बघता, रिकामी होईल, असं रुचितानं दाखवून दिलं होतं. पहिलं नाव तिचं. तिनं फोनवर आनंदानं सांगितलं आणि दादासोंनी फोन ठेवला तो सरळ जोतीरामकडे गेले. जोतीराम म्हणजे नाक्यावरच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. कोल्हापुरात माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला, नुसता वाढदिवस जरी झाला तरी त्याचा फ्लेक्स लागतो; मग अख्खी दीर्घिका रिकामी होत असताना कसा लागणार नाही? दुसऱ्याच दिवशी नाक्यावर फ्लेक्स उभा राहिला. मधोमध रुचिता, तिच्या मागं लालपिवळा भोवरा, आणि वर अक्षरं: ‘विश्वातील महावादळाचा शोध लावणारी उचगावची सुकन्या’. ‘महावादळ’ हा शब्द दादासोंनी स्वतः सुचवला होता. भोवऱ्याच्या खाली गॉगल लावलेले मंडळाचे कार्यकर्ते होते, आणि त्यांतला एकेक चेहरा दीर्घिकेपेक्षा मोठा होता. फ्लेक्स जिथं बांधला होता त्या खांबाखाली आकारामचा चहाचा गाडा होता. तारखेसह सत्कार जाहीर झाला होता: संध्याकाळी, मंडळाच्या हॉलमध्ये.

सत्काराच्या दिवशी सकाळी रुचिता पुण्याहून आली. येताना नाक्यावर रिक्षातून तिनं फ्लेक्स पाहिला असणार, कारण घरात आली ती बॅग खांद्यावरून न काढताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. पद्मावतीनं उप्पीट पुढं ठेवलं. तिनं हात लावला नाही.

पुण्यात ‘चुकले’ म्हणणारी ही पोरगी घरी आली की कोल्हापूरच्या पोरींसारखी बोलते. ती म्हणाली, ‘‘अण्णा, मी चुकलो.’’

‘‘काय झालं?’’

‘‘त्या पेपरात. वायूचा उजेड मोजला, तो बरोबर हाय. पण उजेडावरनं वायूचं वजन काढायचं, तर तो किती दाट हाय ते माहीत पाहिजे. ते मी मोजलंच न्हाय. सगळे जेवढं धरतात तेवढंच धरून चाललो. आता मोजलं. वायू लई दाट निघाला. दाट असला की थोडा वायूसुद्धा भरपूर उजेड देतोय. म्हंजे मी सांगिटला त्याच्या पासंगालाबी पुरणार न्हाय एवढाच माल बाहेर पडालाय. वारा हाय, अण्णा. वादळ न्हाय.’’

दादासोंच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते तपासनिसाचं. ‘‘हातोडी न मारता माल पास केलास?’’

रुचितानं मान खाली घातली. ‘‘व्हय.’’

मग ती म्हणाली, ‘‘पीएचडीच्या सरांना सांगिटलंय. जिथं पेपर छापलाय तिथं दुरुस्ती कळवलीय. तिकडचं मी निस्तरीन. पण आज स्टेजवर मी खरं ते सांगणार. शाळेच्या पोरी येणार हाईत म्हणं. त्यास्नी खोटं कसं सांगू?’’

दादासोंच्या डोळ्यांपुढं एका क्षणात सगळं येऊन गेलं. नाक्यावरचा फ्लेक्स. जोतीराम. वाण्याच्या दुकानातले लोक. पुन्हा चपला शोधणं. त्यांची कानशिलं तापली आणि ते म्हणाले, ‘‘आज नको.’’

‘‘अण्णा—’’

‘‘आज नको म्हंतोय न्हवं? एवढी माणसं यायला लागल्यात. माझी अब्रू हाय का न्हाय? शाल घे, नारळ घे, दोन शब्द बोल आन् खाली उतर. दाट वायू न् पातळ वायू. कळतंय कुणाला?’’

दुसऱ्याच्या मालाची पोकळी एका ठोक्यात ओळखणारा हा माणूस. आपल्या तोंडून काय गेलं ते त्याच्या कानाला ऐकूच गेलं नाही. पद्मावतीला गेलं असावं. ती उप्पिटाची ताटली उचलून आत गेली ती दुपारपर्यंत नवऱ्यासमोर आली नाही. रुचितानं खांद्यावरची बॅग उतरवली. मग म्हणाली, ‘‘बरं.’’ लहानपणी औषध घेताना म्हणायची तसं.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवून घेण्याची घरची जैन रीत; त्यानंतर चहासुद्धा नाही. पण त्या दिवशी ताटं तशीच झाकून ठेवली गेली. हॉल भरला होता. पुढं शाळेच्या पोरी, मागं गल्लीतल्या बायका, भिंतीला टेकून कार्यकर्ते. चहाचं काम जवळचाच म्हणून आकारामला दिलं होतं. तो दाराशी किटली आणि कप घेऊन उभा होता. बापलेकीला फेटे बांधले गेले. फेटा बांधणाऱ्यानं दादासोंचा फेटा जरा आवळूनच बांधला, का त्यांनाच तसं वाटलं, कोण जाणे.

जोतीरामनं माइक घेतला. त्याला बोलायला आवडतं आणि थांबायला आवडत नाही. ‘‘मंडळी, असली पोरगी उगंच जन्माला येत न्हाय. तिच्या बापाला बघा. टणटण दादासो! या माणसानं उभ्या आयुष्यात एक खोटा नग पास केला न्हाय. एकानं भोक बुजवून, वर रंग मारून माल काढला हुता. आन् वर तोंड करून काय म्हनाला ठावं हाय न्हवं?’’ सगळा हॉल हसत हसत एका सुरात ओरडला, ‘‘रंग मारल्यावर कळतंय कुणाला!’’

कर्ण्यातून आपलंच सकाळचं वाक्य दादासोंच्या अंगावर आलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. आकाराम कपात चहा ओतत होता. मान खाली. सगळे हसत होते आणि त्यांतल्या अर्ध्याअधिकांना ठाऊक होतं की तो ‘एक जण’ इथंच उभा आहे. इतकी वर्षं गावात ही गोष्ट रंगवून सांगितली जात होती आणि इतकी वर्षं दादासो ती ऐकून मिशीत हसत आले होते. आज पहिल्यांदा त्यांना ऐकवेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

मग रुचिता सत्काराला उत्तर द्यायला उठली. फेटा तिला मोठा झाला होता, एका हातानं तो सावरत ती बोलली. ‘‘तुम्ही सगळ्यांनी माझं एवढं कौतुक केलंत. मी आभारी आहे. काम अजून चालू आहे. धन्यवाद.’’

संपलं. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, पोरगी बुजली. दादासोंना तसं वाटलं नाही. ही पोरगी पाळण्यात रडायची तेव्हापासून त्यांना तिचा आवाज ठाऊक होता. तो खणखणीत होता, टण्ण वाजणारा. आज तो बद् वाजला. पोकळी होती, ती बुजवलेली होती, आणि बुजवणारा हात कुणाचा ते कळायला खिळा लागणार नव्हता.

जोतीराम आभाराला उठत होता. दादासोंनी त्याच्या हातातून माइक जवळजवळ ओढून घेतला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

‘‘मंडळी, माझी पोरगी आत्ता बोलली ते तिचं बोलणं न्हवं. तिला खरं काय ते सांगायचं हुतं. सकाळी तिनं मला सांगिटलं. मी तिला गप बसवली. माझी अब्रू जाईल म्हनून.’’ ते रुचिताकडे वळले. ‘‘आज लांबी मी लावली. पोरीनं न्हाय.’’ आणि माइक तिच्या हातात देऊन ते म्हणाले, ‘‘रुचे, सांग आता. मी मधी येत न्हाय.’’

ती सांगू लागली. सुरुवातीला अडखळत, मग सावकाश. दीर्घिकेच्या मध्यातून बाहेर पडणारा वायू, त्याचा उजेड, न मोजता धरलेला दाटपणा. तिनं रॉकेलच्या दोन चिमण्यांचं उदाहरण दिलं: एकाच घराला सारखाच उजेड एका मोठ्या चिमणीनं पडेल, नाहीतर वात मोठी केलेल्या छोट्या चिमणीनं, नुसता उजेड बघून तेल किती ते सांगता येत नाही, आणि तिनं ते सांगितलं होतं. ‘‘बाहेर फ्लेक्सवर महावादळ लिहिलंय. तिथं वादळ नाही. वारा आहे. वादळ मी न तपासता सांगितलं.’’ हॉलमध्ये शांतता होती, ती समजल्याची होती की न समजल्याची, ते सांगणं अवघड आहे.

ती शांतता मोडली अंबूबाईनं. गल्लीतली सगळ्यांत जुनी म्हातारी, कानानं जरा कमी. तिनं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, ‘‘म्हंजे पोरगी नापास झाली व्हय गं?’’

‘‘व्हय मावशी,’’ रुचिता माइकवरूनच म्हणाली. ‘‘ह्या पेपरात नापास झालो. परत देणार हाय.’’

लोक हसले आणि टाळ्या वाजल्या. मघापेक्षा जास्त वाजल्या. कुणाला तो मुलीचा मोठेपणा वाटला, कुणाला बापाचा. जोतीरामनं माइक परत मिळताच ‘‘ह्याला म्हंत्यात संस्कार!’’ असं म्हणून दोघांसाठी पुन्हा टाळ्या मागितल्या. ज्या अब्रूसाठी दादासोंनी सकाळी लेकीचं तोंड बंद केलं होतं तिला गावात ओरखडासुद्धा उठला नाही. उलट ती वाढली. आणि ती वाढली तसे दादासो खुर्चीत आणखी आणखी खाली घसरत गेले. खडूची फुली खावी असं वाटत असताना कुणी हार घालावा, तसं झालं त्यांना.

हॉल रिकामा होत आला. शाळेच्या पोरी रुचिताला गराडा घालून काहीबाही विचारत होत्या आणि ती आता नेहमीच्या आवाजात उत्तरं देत होती. दादासो फेटा काढून काखेत घेऊन दाराशी आले. आकाराम उष्टे कप गोळा करत होता. त्याच्यासमोर उभं राहायची त्यांची ही फौंड्रीतल्या त्या दिवसानंतरची पहिलीच वेळ.

‘‘आकाराम,’’ ते म्हणाले, ‘‘मघा जोतीराम जे बोलला... मी त्याला थांबवायला पायजे हुतं.’’

‘‘जाऊ द्या की. सवय झाल्या.’’

‘‘न्हाय. माझंच चुकलं. त्या दिशी सगळ्यांच्या म्होरं तुला तसं बोलायला नको हुतं.’’

आकारामनं कप बादलीत बुडवले. तो ते विसळू लागला. मग वर न बघता म्हणाला, ‘‘बोलला त्याचं काय न्हाय, दादासो. भोक हुतंच. लांबी लावलीबी मीच.’’ त्यानं हात पुसले. ‘‘पर माझ्या हातात लांबीचा डबा दिला त्यो सायब त्या दिशी तिथंच हुता. तुमच्या शेजारी. ऑर्डर निघाली पायजे, रंग मार, कळतंय कुणाला, असं त्योच म्हनाला हुता. मी आपलं त्याचंच वाक्य बोललो. वाटलं, आता तरी त्यो तोंड उघडंल. न्हाय उघडलं. आन् तुमीबी इचारलं न्हाईसा.’’

हातोडी मारली होती, फुली मारली होती, पाळी थांबवली होती. एवढंच विचारायचं राहिलं होतं.

‘‘आज तुमी माइक घेतला, पोरीच्या मागं हुबा ऱ्हायलासा. बरं वाटलं बघून,’’ आकाराम म्हणाला. ‘‘माझ्या येळंला कोन न्हवतं.’’

त्यानं किटली उचलून हलवून पाहिली. आत थोडा चहा होता. सवयीनं त्यानं एक कप भरला, दादासोंच्या पुढं धरला आणि बाहेर अंधार बघून परत मागं घेतला. ‘‘दिवस मावळलाय. तुमास्नी चालत न्हाय न्हवं,’’ असं म्हणून त्यानं तो स्वतःच पिऊन टाकला, किटली आणि बादली घेतली आणि नाक्याकडे निघून गेला.